दीर्घकालीन थकवा विकार आणि मेंदूचे कार्य

थकवा हा शब्द रोजच्या बोलण्यात इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्या नावाचा एखादा आजार असू शकेल ही गोष्ट सहजासहजी पटत नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस थकतो, रात्रपाळी करून आलेला कामगार थकतो. पोटभर जेवण आणि रात्रभराची झोप मिळाली की दोघेही दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहतात. ज्या विकाराचा विचार येथे करावयाचा आहे, त्यात नेमके हेच घडत नाही. झोपेने शीण उतरत नाही, विश्रांतीने शक्ती भरून येत नाही आणि शरीराच्या बरोबरीने बुद्धीही थकते. वाचलेली ओळ लक्षात राहत नाही, ओळखीचा शब्द ओठावर येत नाही, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की काहीच उमगेनासे होते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ आणि ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ अशी दोन नावे आहेत. मराठीत त्याला दीर्घकालीन थकवा विकार म्हणता येईल. परंतु थकवा हे त्याचे एक लक्षण आहे, संपूर्ण आजार नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

शिक्षक, कार्यालयप्रमुख आणि पंचायतीचे सदस्य यांना या विकाराची माहिती असण्याचे एक विशेष कारण आहे. असा रुग्ण बाहेरून पुष्कळदा धडधाकट दिसतो. रक्ताचे नेहमीचे अहवाल निर्दोष येतात. त्यामुळे कर्मचाऱ्याची रजा खरी की खोटी, मुलाचे अभ्यासात मागे पडणे आळसापायी की आजारापायी, याचा निर्णय डॉक्टरांच्या आधी वरिष्ठ किंवा शिक्षकच करून मोकळे होतात. आणि ‘थोडा नेट लावला की जमेल’ हा जो सल्ला आपल्याकडे अगदी सद्‌भावनेने दिला जातो, तो या आजारात निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरतो. असे का व्हावे, याचे उत्तर मेंदूच्या रसायनात आणि त्याच्या रक्तपुरवठ्यात शोधावे लागते.

वादग्रस्त इतिहास

१९५५ च्या जुलै महिन्यात लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. घशाची सूज, सौम्य ताप, स्नायूंची दुखणी, चक्कर आणि त्यामागोमाग येणारी विलक्षण ग्लानी अशी लक्षणे होती. २५ जुलै रोजी रुग्णालय बंद करावे लागले, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उघडले नाही. एकूण २९२ कर्मचाऱ्यांना बाधा झाली होती. तेथील डॉ. मेल्विन रॅमसे यांनी पुढे आयुष्यभर या विकाराचा पाठपुरावा केला. तत्पूर्वी १९३४ मध्ये लॉस एंजेलिस येथे आणि १९४८-४९ मध्ये आइसलँडमधील अकुरेरी या गावी अशाच साथी नोंदल्या गेल्या होत्या. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या विकाराला मज्जासंस्थेच्या रोगांमध्ये स्थान मिळाले.

मात्र पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, लंडनमधील दोन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णांना स्वतः न तपासता जुन्या नोंदींच्या आधारे असे मत मांडले की, रॉयल फ्रीची साथ हा सामूहिक उन्मादाचा प्रकार होता. बाधितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. हे मत वैद्यकीय वर्तुळात दीर्घकाळ टिकून राहिले आणि त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात १९८४ च्या सुमारास झालेल्या एका साथीनंतर १९८८ मध्ये ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ करण्यात आले. हे नाव दुर्दैवी म्हटले पाहिजे. क्षयरोगाला ‘दीर्घकालीन खोकला’ असे नाव दिले असते, तर त्याकडे कोणी कितपत गांभीर्याने पाहिले असते?

थकवा कोणता आणि विकार कोणता

दीर्घकाळ थकवा जाणवणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असे मुळीच नाही. या संदर्भात गोव्यात झालेली एक पाहणी उद्‌बोधक आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १८ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पाहणीतील सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. आपल्याकडे असा थकवा दिसला की रक्तक्षयाकडे बोट दाखविले जाते. परंतु या पाहणीत थकव्याचा हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी संबंध आढळला नाही. मनाची विकलता, आर्थिक ओढग्रस्त आणि घरातील दुय्यम स्थान यांच्याशी मात्र तो स्पष्टपणे निगडित होता. म्हणजे थकवा ही तक्रार अनेक वाटांनी येते. तिच्यामागे घरातील छळ असू शकतो, नैराश्य असू शकते, थायरॉइडचा दोष, मधुमेह, क्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी काहीही असू शकते. यांतील बहुतेकांवर खात्रीचे उपचार आहेत, म्हणून त्यांची तपासणी आधी झालीच पाहिजे.

या सर्वांहून वेगळा असा जो विकार उरतो, त्याची ओळख पटविण्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने सुटसुटीत निकष दिले. पूर्वीप्रमाणे काम करण्याची क्षमता सहा महिन्यांहून अधिक काळ लक्षणीयरीत्या घटलेली असणे, श्रमानंतर सर्वच लक्षणे बळावणे आणि झोपेने ताजेतवाने न वाटणे, ही तीन लक्षणे आवश्यक मानली आहेत. त्यांच्या जोडीला विचारशक्तीतील दोष किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी निदान एक असावे लागते. यातील दुसरे लक्षण, ज्याला श्रमोत्तर बिघाड म्हणता येईल, ते या विकाराची खरी खूण होय. बिघाड श्रमाबरोबर लगेच दिसतोच असे नाही. बहुधा तो १२ ते ४८ तासांनी येतो आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे टिकतो. शनिवारी सहलीत हसतखेळत वावरलेला मुलगा सोमवारी अंथरुणातून उठू शकत नाही, तेव्हा शिक्षकाला त्यात लबाडी दिसणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती सहलीची किंमत असते. शिवाय हे श्रम शारीरिकच असावे लागतात असेही नाही. तीन तासांचा पेपर, लांबलेली बैठक किंवा मोठा भावनिक ताण यांनीही तोच परिणाम होतो.

हा विकार बहुधा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. ऑस्ट्रेलियातील डब्बो या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांचा आजाराच्या पहिल्या दिवसापासून पाठपुरावा करण्यात आला; त्याचा वृत्तांत २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांना तीन वेगवेगळे संसर्ग झालेले होते. तरीही सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के रुग्णांमध्ये हा विकार आढळला आणि तिन्ही संसर्गांत हे प्रमाण जवळपास सारखेच होते. तो कोणाला जडेल याचा अंदाज मूळ आजाराच्या तीव्रतेवरून येत होता, रुग्णाच्या स्वभावावरून नव्हे. या तीन संसर्गांपैकी एक, रॉस रिव्हर ताप, डासांमार्फत पसरतो आणि त्याचा विषाणू आपल्याकडील चिकुनगुन्याच्या विषाणूच्या कुळातलाच आहे. २०२० नंतर कोविडच्या अनेक रुग्णांमध्येही हेच चित्र दिसले आणि त्यामुळे या दुर्लक्षित विषयाकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले.

बुद्धी कोठे अडखळते

रुग्ण या अवस्थेला ‘डोक्यात धुके भरणे’ असे म्हणतात. धुक्याची उपमा समर्पक आहे, कारण धुक्यात रस्ता नाहीसा होत नाही, दिसेनासा होतो. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधिकांनी तोपर्यंतच्या ५० अभ्यासांची एकत्र छाननी केली. तीत असे दिसले की या रुग्णांची तर्कशक्ती, भाषेची जाण आणि एकंदर बुद्धिमत्ता शाबूत असते. घटतो तो प्रामुख्याने माहिती हाताळण्याचा वेग. त्याखालोखाल अवधान आणि कार्यस्मृती. कार्यस्मृती म्हणजे काही क्षण एखादी गोष्ट मनात धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची शक्ती. हातचा धरून बेरीज करताना, तोंडी सांगितलेला पत्ता लिहून घेताना, शिक्षक बोलत असताना टिपणे काढताना हीच शक्ती खर्ची पडते. गणिताची रीत नीट समजलेला मुलगा पाढा म्हणताना अडतो, किंवा अनुभवी लेखनिक नियम बिनचूक सांगतो पण दोन नस्त्या एकाच वेळी हाताळताना गोंधळतो, याचा उलगडा येथे होतो.

रासायनिक घडामोडी

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. ऊर्जेचा साठा तो जवळपास ठेवत नाही. रक्तातून येणारा प्राणवायू आणि ग्लुकोज यांवर त्याचा क्षणाक्षणाचा व्यवहार चालतो. एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप नेण्याचे काम काही विशिष्ट रसायने करतात. डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन, सिरोटोनिन ही त्यांपैकी परिचित नावे. यांतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही एकाच साखळीतील असून, एखाद्या कामाला हात घालणे, त्यावर अवधान टिकविणे आणि कार्यस्मृती जागती ठेवणे या गोष्टी त्यांच्या योग्य प्रमाणावर अवलंबून असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये हाती घेतलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्गानंतर हा विकार जडलेले १७ रुग्ण आणि २१ निरोगी व्यक्ती यांची अत्यंत बारकाईने तपासणी करण्यात आली. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती जो द्रव असतो, त्यात या साखळीतील पदार्थांचे प्रमाण रुग्णांमध्ये कमी आढळले आणि या घटीचा संबंध त्यांच्या विचारशक्तीच्या तक्रारींशीही दिसून आला. हाताची मूठ आवळून धरण्याच्या चाचणीत रुग्णांची पकड लवकर सुटत होती. मात्र स्नायू थकल्याचे चिन्ह दिसत नव्हते. मेंदूच्या एका विशिष्ट भागाचे कार्य मंदावलेले होते. म्हणजे दोष हाताच्या स्नायूंत नसून हाताला आज्ञा देणाऱ्या यंत्रणेकडे असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. संशोधकांनी याला ‘श्रमाची निवड’ अशा अर्थाचा शब्द योजला, तो अनेक रुग्णांना आणि शास्त्रज्ञांना रुचला नाही. रुग्ण जाणूनबुजून कमी श्रम निवडतो असा त्यातून अर्थ निघतो, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. अवघ्या १७ रुग्णांवरून सर्वांविषयी अनुमान काढणेही धाडसाचे ठरेल. तथापि द्रवातील रासायनिक घट ही मोजलेली गोष्ट आहे, केवळ मत नव्हे. त्यापूर्वी २०१४ मध्ये अमेरिकेतच झालेल्या एका अभ्यासात, डोपामिनवर चालणारे मेंदूच्या खोल भागातील पेशीपुंज या रुग्णांमध्ये निरोगी व्यक्तींच्या तुलनेत कमी उद्दीपित होतात असे दिसले होते.

हा विकार म्हणजे नैराश्याचेच दुसरे रूप, असा एक समज आहे. १९९५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी या दोन्ही प्रकारच्या रुग्णांची आणि निरोगी व्यक्तींची तुलना केली. सिरोटोनिनला चालना देणारे औषध दिल्यावर शरीराचा प्रतिसाद नैराश्याच्या रुग्णांमध्ये निरोगी माणसांपेक्षा कमी, तर थकवा विकाराच्या रुग्णांमध्ये अधिक आढळला. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण नैराश्यात वाढलेले, तर या विकारात घटलेले होते. दोन आजारांची दिशाच परस्परविरुद्ध होती. पुढील सर्व अभ्यासांत हे फरक इतके ठळक राहिले नाहीत हे खरे, आणि दीर्घ आजारपणामुळे या रुग्णांना नैराश्यही येऊ शकते हेही खरे. पण तुलनेने सोपा असा एक भेद अनुभवी डॉक्टर सांगतात. नैराश्यात काही करावेसेच वाटत नाही. या रुग्णांना करावयाचे पुष्कळ असते, ते झेपत नाही.

ऊर्जानिर्मितीतही बिघाड असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. पेशींना प्राणवायूच्या साहाय्याने पुरेशी ऊर्जा निर्माण करता आली नाही की लॅक्टेट हा पदार्थ साचतो. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूतील पोकळ्यांमधील द्रवात लॅक्टेटचे वाढलेले प्रमाण नोंदले. पुढील अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांशी तुलना करता हा फरक तितकासा स्पष्ट उरला नाही. त्यामुळे निदानाची चाचणी म्हणून त्याचा उपयोग होत नाही. मेंदूतील सौम्य दाहाचा पुरावा जपानमध्ये २०१४ साली ९ रुग्णांच्या तपासणीत मिळाला, पण नंतरच्या एका अभ्यासाने त्याला दुजोरा दिला नाही. या क्षेत्रातील बहुतेक प्रयोग लहान आहेत आणि वर्तमानपत्रांतून ‘कारण सापडले’ असे मथळे आले, तरी ते सावधपणेच वाचले पाहिजेत. मोठ्या प्रमाणावरील काम अलीकडेच सुरू झाले असून, ब्रिटनमध्ये १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या गुणसूत्रांची तपासणी करून या विकाराशी निगडित आठ स्थाने आढळल्याचे २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले.

उभे राहण्याची किंमत

सर्वांत व्यवहारोपयोगी माहिती मात्र रसायनापेक्षा रक्तप्रवाहाच्या अभ्यासातून हाती आली आहे. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा ते पाऊण लिटर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती किंचित वाढवून ही उणीव क्षणात भरून काढते. या विकारात ही व्यवस्था कोलमडते. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ४२९ रुग्णांना झुकत्या मंचावर उभ्या स्थितीत आणून मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला; त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी व्यक्तींमध्ये हा प्रवाह ७ टक्क्यांनी, तर रुग्णांमध्ये सरासरी २६ टक्क्यांनी घटला. ज्यांची नाडी आणि रक्तदाब बरोबर होते, अशाही अनेकांमध्ये घट आढळली. म्हणजे दवाखान्यात रक्तदाब ठीक आला म्हणून मेंदूला रक्त पुरेसे मिळते असे होत नाही. न्यूयॉर्कमधील २०१२ च्या एका प्रयोगात उभे राहिल्यावर नाडी अतिशय वाढणाऱ्या अशा रुग्णांना मंचाचा कोन टप्प्याटप्प्याने वाढवीत स्मरणाची कोडी घालण्यात आली. कोन वाढत गेला तसतशी त्यांची उत्तरे चुकत आणि लांबत गेली. निरोगी व्यक्तींच्या उत्तरांत फरक पडला नाही.

तोच माणूस, तीच बुद्धी, पण आडवे असताना एक उत्तर आणि उभे असताना दुसरे. वर्गात उभे करून प्रश्न विचारण्याची आपल्याकडील पद्धत लक्षात घेता या प्रयोगाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही.

औषधांची मर्यादा

या विकाराला मुळापासून बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. डोपामिनची साखळी क्षीण असेल तर ती वाढविणारे औषध द्यावे, हा विचार साहजिक आहे. बेल्जियममध्ये ६० रुग्णांवर मिथाइलफेनिडेट या औषधाचा प्रयोग झाला. २००६ च्या त्या वृत्तांतानुसार एकाग्रतेत लक्षणीय सुधारणा झाली ती सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांतच. अशा उत्तेजक औषधांचा आणखी एक धोका आहे. थकव्याची जाणीव दबते आणि रुग्ण झेपेल त्यापेक्षा अधिक करून बसतो. बिघाड नंतर ठरल्या वेळी येतोच. कडक चहा-कॉफीच्या बाबतीतही काही अंशी हेच म्हणता येईल. झोप, वेदना, रक्तदाब यांवरील उपचारांचा मात्र उपयोग होतो आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य करावेत. स्मरणशक्ती वाढविण्याच्या टॉनिकांवर पैसा खर्च करण्यापेक्षा तो दूध-फळांवर केलेला बरा.

व्यायाम हळूहळू वाढवीत नेण्याचा उपचार अनेक वर्षे शिफारशीत होता. ६४१ रुग्णांच्या एका ब्रिटिश चाचणीने २०११ मध्ये त्याला पाठिंबा दिला. पण तिच्या पद्धतीवर आणि निष्कर्षांवर कडक टीका झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि ठराविक प्रमाणात वाढवीत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे स्पष्टपणे सांगितले. त्याच तत्त्वांनुसार मुलांमध्ये चार आणि प्रौढांमध्ये सहा आठवडे लक्षणे टिकली तरी या विकाराची शंका घ्यावी आणि शक्ती जपण्याचा सल्ला लगेच द्यावा, असे आहे. निदान पक्के होईपर्यंत मुलाला दामटत राहण्याचे त्यामुळे काही कारण उरत नाही.

शक्तीचा जमाखर्च

मग करावयाचे काय? शिकागो येथील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड जेसन यांनी मांडलेला विचार गृहिणीला चटकन समजेल असा आहे. घरात जेवढे येते तेवढ्यातच भागवायचे. रुग्णाला रोज जी थोडी शक्ती उपलब्ध असते तिच्या मर्यादेत राहणे, उसनवारी न करणे, हेच येथील पथ्य. अवघड भाग असा की बऱ्या दिवशी ही मर्यादा विसरली जाते. चार दिवस पडून काढलेल्या स्त्रीला पाचव्या दिवशी जरा बरे वाटते, ती साचलेले धुणे, दळण, पाणी सारे उरकते आणि पुढचे आठ दिवस पुन्हा अंथरुण धरते. बऱ्या दिवशी हात आखडता घेणे हे वाईट दिवशी विश्रांती घेण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही महत्त्वाचे आहे.

मर्यादा कोठे आहे हे ओळखण्यासाठी एक साधी वही पुरते. दिवसभरात काय केले, किती वेळ उभे राहिलो, किती वाचले, झोप कशी लागली, हे दोन-तीन ओळींत लिहावे आणि बिघाड झाला की मागच्या दोन दिवसांची पाने पाहावीत. महिनाभरात बहुधा चित्र स्पष्ट होते. समजा, वीस मिनिटे वाचल्यावर अक्षरे निसटू लागतात असे आढळले, तर पंधराव्या मिनिटाला थांबावे. अक्षरे निसटेपर्यंत वाट पाहू नये. थांबणे याचा अर्थ दूरचित्रवाणी लावणे किंवा मोबाइल पाहणे नव्हे. डोळे मिटून, शक्यतो आडवे होऊन, दहा मिनिटे शांत पडणे हीच मेंदूची विश्रांती. बौद्धिक काम आडवे होऊन किंवा पाय वर घेऊन, टेकून बसून करण्यात काहीही गैर नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांचा तो सरळ निष्कर्ष आहे. पाणी भरपूर प्यावे. आहारात मीठ वाढविल्याने काहींना उभे राहण्याचा त्रास कमी होतो, मात्र उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

स्मृतीवरील भार कागदावर उतरविणे हा दुसरा मार्ग. किल्ल्या, चष्मा, औषधे यांना कायमची एक जागा ठरवावी. कामांची यादी एकाच वहीत असावी. चिठ्ठ्याचपाट्या जितक्या अधिक, तितके शोधण्यात डोके शिणते. एका वेळी एकच काम करावे आणि डोक्याचे काम दिवसातील आपल्या सर्वांत चांगल्या वेळी ठेवावे. ही वेळ प्रत्येकाची वेगळी असते. पहाटे उठून अभ्यास करण्याचा आपला आवडता नियम येथे सर्वांना लागू पडत नाही. आवाज आणि झगझगीत उजेड हेही शक्ती खातात. सतत चालू असलेला रेडिओ बंद केल्याने एखाद्या रुग्णाला संवादासाठी आणखी अर्धा तास मिळू शकतो, आणि याला काही खर्च येत नाही.

शाळा आणि कचेरी

मुलांमध्ये हा विकार बरा होण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा चांगले आहे; म्हणूनच शाळेने पहिल्या वर्षात काय केले याला महत्त्व येते. अशा मुलाला परिपाठाच्या वेळी बसू द्यावे, उन्हात उभे करू नये. वर्ग वरच्या मजल्यावर असल्यास तो खाली आणता येईल का हे पाहावे. पूर्ण दिवसाची हजेरी आणि नंतर आठवडाभर गैरहजेरी यापेक्षा रोज दोन तासिका, त्याही महत्त्वाच्या विषयांच्या, हे अधिक लाभदायक असते. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी वर्गमित्राच्या वहीची प्रत द्यावी. सूचना तोंडी देऊन न थांबता लिहून द्याव्यात, आणि उत्तर येण्यास उशीर लागला तर तो प्रश्न दुसऱ्याकडे लगेच वळवू नये, कारण पुष्कळदा उत्तर माहीत असते, ते सापडण्यास वेळ लागतो. परीक्षेत जादा वेळ दिला जातो, परंतु या विकारात नुसता वेळ वाढवून भागत नाही. तीन तासांचे चार तास झाले म्हणजे श्रम वाढले. मध्ये विश्रांती घेऊ देणे, दोन पेपरांत दिवसांचे अंतर ठेवणे, लेखनिक देणे यांचा खरा उपयोग होतो. खेळाच्या तासाला ‘जमेल तेवढे कर’ असे सांगणेही टाळावे. मुले मित्रांदेखत जमेल त्याहून अधिक करतात.

कार्यालयात हेच तत्त्व निराळ्या रूपाने लागू पडते. अर्ध्या दिवसाची रजा, बसून करावयाचे काम, गर्दीच्या खिडकीऐवजी आतल्या बाजूचे टेबल, बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी हाती देणे, या गोष्टी कार्यालयप्रमुखाच्या अधिकारात सहज बसतात. अनुभवी कर्मचाऱ्याचे ज्ञान शाबूत असते, हे वर आलेच आहे; त्याच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवली तर तो कुचकामी ठरतो आणि अचूकतेची ठेवली तर कामाचा. ग्रामपंचायतीच्या पातळीवर दाखले, शिधा किंवा अनुदान यांसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागू नये, घरच्या माणसाकडे कागद देण्याची सोय असावी, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधते. आशा कार्यकर्तीला घरभेटीत ‘तापानंतर उठलीच नाही’ अशी स्त्री आढळल्यास तिला ‘अंगात आळस भरलाय’ या सासरच्या निदानावर सोडून न देता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय यांची तपासणी व्हावी आणि घरात मारहाण अथवा छळ नाही ना, याचीही चौकशी आडपडदा न ठेवता पण एकांतात व्हावी.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचा वर्ग आहे. त्यात उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, या विकाराचे नाव नाही. अशा स्थितीत रुग्णाचा मुख्य आधार म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. त्यात नुसता ‘अशक्तपणा’ असा शेरा मारला, तर शाळेला किंवा कार्यालयाला त्यावरून काहीच ठरविता येत नाही. रुग्ण सलग किती वेळ उभा राहू शकतो, किती वेळ लिहू-वाचू शकतो, श्रमानंतर त्याला सावरण्यास किती दिवस लागतात, हे तीन मुद्दे त्यात नमूद केले, आणि रुग्णाने आपल्या वहीतील महिनाभराच्या नोंदी दाखवून ते डॉक्टरांना सांगितले, तर मुख्याध्यापकाला वेळापत्रक आखता येते आणि कार्यालयप्रमुखाला कामाची वाटणी करता येते.